बेटावर नोकरी कसली?

"त्रिनिदादला नोकरी? बेटावर नोकरी कसली असणार, हॉटेलातच ना?" परत आल्यापासून एकही लग्नकार्य या प्रश्नावाचून पार पडलेलं नाही. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

हॉटेलात नाही हो, अमोनियाच्या कारखान्यात. वेस्ट इंडीजमधली बार्बाडोस, अँटिगा ही बेटं पर्यटकांवर जगतात. त्रिनिदाद जगतं ते जमिनीखालच्या मालावर. (पांढरी वाळू हवी तर जोडीला टोबॅगो आहेच.) ला ब्रे गावात डांबराचं तळं आहे, शंभरेक एकरांचं. त्यावर चालता येतं, पण फोटोसाठी जरा उभी राहिले तर चप्पल रुतायला लागली. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाचा धंदा सुरू झाला. तेलासोबत येणारा गॅस मात्र बरीच वर्षं नुसता जाळून टाकत. 1970 च्या दशकात तेलाचे भाव कडाडले, सरकारच्या हाती पैसा खुळखुळला आणि पॉइंट लिसासची औद्योगिक वसाहत उभी राहिली. त्याच गॅसपासून तिथे अमोनिया आणि मिथेनॉल करतात. तुमच्या शेतातल्या युरियाचं मूळ असल्याच कारखान्यात असतं.

त्याआधी मात्र सगळा कारभार साखरेचा. 1838 मध्ये गुलाम पुरते मोकळे झाले आणि मळेवाल्यांना मजूर मिळेनात. मग 1845 ते 1917 या काळात हिंदुस्थानातून सुमारे 1 लाख 44 हजार माणसं करारावर नेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यामुळे 'मराठी' म्हटलं की लोकांना काही बोध व्हायचा नाही. मग मी गावसकरांचं नाव घ्यायचे आणि म्हाताऱ्यांचे चेहरे उजळायचे. 1971 मध्ये त्यांचं कसोटी पदार्पण त्रिनिदादच्या राजधानीतलं, पोर्ट ऑफ स्पेनचं, आणि त्याच दौऱ्यात तिथेच 124 आणि 220!

2003 मध्ये सरकारी साखर कंपनीने गाशा गुंडाळला, नऊएक हजार कामगार घरी बसले. आता तिथल्या चहातली साखरसुद्धा बाहेरून येते.

कारखान्याच्या वाटेवर एकजण डबल्स विकायचा. हळदीच्या पिठाच्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना म्हणतात 'बारा', मध्ये चण्याची पातळ उसळ, वर चिंचेची चटणी. त्याचे आजोबा, वडील उसात राबलेले. तो स्वतः सरकारी तेल रिफायनरीत होता. 2018 मध्ये तीही बंद पडली. गॅसही गेली काही वर्षं कमी निघतोय, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक.

"तुमचा कारखाना चालू आहे ना अजून?" कागदात पुड्या बांधता बांधता तो रोज विचारायचा. मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "तिखट किती घालू?"