पिनचा पडदा आणि टॉकबॅक

एका पतसंस्थेसाठी आमच्या सोलापूरच्या कार्यालयात मोबाइल ॲप तयार होत आहे. ते अंध खातेदारांना वापरता यावे, अशी अट करारातच आहे. तपासणीसाठी संस्थेचे एक खातेदार आले होते. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले हे काका टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, इतक्या वेगाने ऐकतात की, शेजारी बसलेल्या आम्हाला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. शिल्लक, पासबुक, रक्कम हे टप्पे त्यांनी भराभर ओलांडले आणि पिनच्या पडद्यावर ते अडकले. बोट कुठेही फिरवले तरी 'पिन भरा' एवढेच ऐकू येई.

याचे कारण आमच्या सुरक्षा सल्लागारांच्या आग्रहात होते. स्क्रीन रीडरला पडदा वाचू देणारी अँड्रॉइडची ॲक्सेसिबिलिटी सेवा चोरटी ॲपही वापरतात, हे खरे आहे. म्हणून त्यांनी दहाही अंक एकाच चित्रात काढायला लावले होते आणि दर वेळी त्यांच्या जागाही बदलत होत्या. चित्राला नाव दिलेले असल्याने ॲप अंधांना वापरता येते का हे तपासणाऱ्या स्वयंचलित स्कॅनरने मात्र काहीच तक्रार केली नव्हती. अशा हिरव्या खुणांवर विसंबून प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांनी एकदा तरी डोळे मिटून पैसे पाठवून पाहावेत.

सल्लागारांनी धोका समजावून सांगितल्यावर काका म्हणाले, "माझा पिन आजपण शेजारचं पोरगं दाबतंय की हो. मग ही सुरक्षा कुणासाठी?"

त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हते.

नंतर आम्ही चित्रातील प्रत्येक अंकाला टॉकबॅकसाठी स्वतंत्र आभासी घटक दिला, म्हणजे टॉकबॅकला तो अंक वेगळ्या बटणासारखा दिसू लागला. टॉकबॅक चालू असताना अंकांची मांडणी टेलिफोनसारखी स्थिर ठेवली आणि अंकांचा उच्चार फक्त इअरफोन जोडलेला असतानाच होईल, अशी व्यवस्था केली. मांडणी स्थिर होताच काकांचे बोट न चाचपडता अंकांवर जाऊ लागले. ऑपरेटरकीची सवय बोटांतून गेलेली नव्हती.

चोरट्या ॲपचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. अँड्रॉइड 14 पासून एखादा घटक संवेदनशील असल्याची खूण करता येते; मग स्वतःला अपंगांसाठीचे साधन म्हणून जाहीर केलेल्या सेवांनाच तो दिसतो. जुन्या आवृत्त्यांत ही सोय नाही आणि काकांचा फोन जुनाच आहे. अशा फोनवर टॉकबॅकखेरीज दुसरी अनोळखी सेवा चालू असेल तर व्यवहार थांबवून खातेदाराला तसे सांगावे, असे माझे मत आहे. जुन्या फोनवर अंक ऐकवण्याची सोयच देऊ नये, असे सल्लागारांचे म्हणणे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला, आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितले. तरीही अंध खातेदाराची सोय म्हणजे सुरक्षेला पाडलेले भगदाड, असाच सल्लागारांच्या अहवालाचा सूर आहे. दोन्ही मते संस्थेच्या संचालकांकडे लेखी पाठवली आहेत आणि त्यांच्या बैठकीला काकांनाही बोलवावे, अशी विनंती मी त्या पत्रात केली आहे.