लिंकनसाहेब फेब्रुवारीतच जागे झाले

मागच्या अपडेटमध्ये मी ऐटीत लिहिलं होतं ना की गुलाबाच्या सातही कुंड्या थंडीसाठी गॅरेजमध्ये वाढ थांबवून गाढ झोपल्यात, तर ते शब्द गिळतेय. त्यातल्या मिस्टर लिंकन जातीच्या गुलाबाला तीन-तीन इंचांचे कोंब आलेत, उजेड नसल्यामुळे पांढुरके, मोड आलेल्या मटकीसारखे. इथे मिनिआपोलिसला रात्री अजून 10 फॅरनहाइट, म्हणजे बाहेर काढायची सोय नाही, आणि आत ठेवला तर साठवलेली सगळी ताकद त्या कोंबांतच घालवणार.

डोकं फिरलं ते यासाठी की थर्मामीटर रोज 38 दाखवत होता. 38ला गुलाब हलायला नको! मग पाणी जास्त होतंय का (महिन्यातून एकदा कपभर घालते), दाराच्या फटीतून ऊन येतंय का, घराच्या भिंतीची ऊब लागतेय का... कुंड्या भिंतीपासून सरकवल्या, फटीला जुनी गोधडी लावली, दोन आठवडे हेच उद्योग आणि कोंब आपले वाढतायत. शेवटी नवरा म्हणाला, अगं तो थर्मामीटर तपास की एकदा. ग्लासात बर्फाचा चुरा, थोडं पाणी, त्यात प्रोब दहा मिनिटं. 32 यायला हवं, आलं 25. म्हणजे हा पठ्ठ्या सात डिग्री कमी सांगत होता आणि माझं गॅरेज अख्खा फेब्रुवारी 45च्या आसपास! स्वस्तातला अजिबात घेऊ नका, मिनिमम-मॅक्सिमम लक्षात ठेवणारा घ्या, आणि तोही आधी बर्फात बुडवून बघा.

पण त्या ग्लासाकडे बघतानाच ट्यूब पेटली. बर्फ आहे तोवर पाणी 32च्या वर जात नाही, मग कुंडीच बर्फात बसवली तर? मोठा प्लॅस्टिकचा टब, तळाला विटा (मुळं पाण्यात नकोत), वर कुंडी, भोवती अंगणातला स्नो दाबून भरला. ड्राइव्हवेवरचा घेऊ नका, त्यात मीठ असतं. आज पाचवा दिवस, कुंडीच्या मातीत नवा प्रोब 34 दाखवतोय आणि कोंब जागच्या जागी थांबलेत!! टबातलं पाणी रोज उपसताना कंबर बोलते, ते सोडा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. पुण्यात ऑक्टोबरात छाटणी केली की थंडीभर फुलं, तिला हे झोपवणं प्रकरणच पटत नाही. म्हणाली, "अगं, गुलाब आहे की आईस्क्रीम?"

डबल डिलाईट हा दुसरा गुलाब मात्र वाचला. डिसेंबरात उंदरांनी साल कुरतडली होती, पाव इंची जाळी गुंडाळल्यापासून शांतता. काल नखाने खरवडून बघितलं, डोळा भरलेल्या जागेपर्यंत (कलमाच्या गाठीपर्यंत) हिरवागार. उगाच दोनदा खरवडला.

पुढच्या हिवाळ्याला कुंड्या ठेवायला फोमशीटचा खोका करणार होते, सामानाची यादीही तयार होती. पण हे लिहिताना वाटतंय, मिनेसोटा टिप या पद्धतीत आपण जमिनीतली झुडपं ऑक्टोबरात आडवी करून चरात पुरतोच की, मग कुंडीसकट आडवं का नको? टोमॅटो निघाले की वाफा रिकामाच असतो. खोका कॅन्सल. आधी दोन कुंड्या पुरून बघते, जाळीसकट.

लिंकनच्या कोंबांना अजून हात लावलेला नाही, फोर्सिथिया (वसंताच्या सुरुवातीला पिवळं फुलणारं झुडूप) फुलल्याशिवाय मी कात्री काढत नाही. कोणी खुडून बघितलेत का? शनिवारी 50 सांगितलंय, त्याआधी टब परत भरायचाय.