रूझवेल्ट यांचं न्यायाधीशवाढीचं विधेयक नेमकं कुठे फसलं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश असावेत, हे तिथल्या राज्यघटनेत लिहिलेलंच नाही. ती संख्या साध्या कायद्याने ठरते. 1789 मध्ये 6 होती, 1869 पासून 9 आहे. त्यामुळे 1937 साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ती वाढवायला घटनादुरुस्तीची गरज नव्हती. नुकतीच 48 पैकी 46 राज्यं जिंकलेली, सिनेटच्या 96 जागांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त त्यांच्याच पक्षाकडे. तरीही विधेयक बुडालं. माझ्या मते ते बुडालं त्यासाठी दिलेल्या कारणामुळे.

खरं दुखणं निकालांचं होतं. मे 1935 मध्ये कोंबडीविक्रेत्या शेक्टर बंधूंच्या खटल्यात रूझवेल्ट यांचा उद्योगविषयक कायदा रद्द झाला, जानेवारी 1936 मध्ये शेतीचा, जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याचा स्त्रियांच्या किमान वेतनाचा. हा शेवटचा 5 विरुद्ध 4 असा.

5 फेब्रुवारी 1937 ला मांडलेल्या विधेयकातलं गणित असं: 10 वर्षं सेवा झालेल्या न्यायाधीशाने सत्तरी ओलांडल्यावर सहा महिन्यांत निवृत्ती घेतली नाही, तर त्याच्यामागे एक जादा नेमणूक. सर्वोच्च न्यायालयात कमाल 15. त्या दिवशी नऊपैकी सहा जण या अटीत बसत होते, म्हणजे एका झटक्यात सहा नवे. पण कारण काय दिलं? म्हाताऱ्या न्यायाधीशांना काम उरकत नाही, खटले तुंबतात! त्यात सर्वांत वयस्कर होते 80 वर्षांचे ब्रँडाइस, म्हणजे अशा कायद्यांना सहसा अनुकूल असलेल्या पुरोगामी बाजूचेच. ते दुखावले.

सरन्यायाधीश ह्यूज यांनी नेमका याच कारणावर घाव घातला. त्यांचं पत्र सिनेटर व्हीलर यांनी 22 मार्चला सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे वाचलं: काम तुंबलेलं नाही, आणि न्यायाधीश वाढले तर ऐकणारे, चर्चा करणारे, पटवायचे लोकच वाढतील. आपल्याकडच्या वाचकाला हे चटकन पटणार नाही, कारण भारताचं सर्वोच्च न्यायालय दोन-तीन जणांच्या खंडपीठांत बसतं. 1950 च्या 8 वरून 2019 मध्ये 34 वर गेलेली आपली संख्या कामाचा निपटारा वाढवू शकते. अमेरिकेत मात्र सगळे एकत्र बसतात. तिथे 15 जण म्हणजे प्रत्येक खटल्याला 15 मतं.

रूझवेल्ट यांनी 9 मार्चच्या रेडिओ भाषणात खरं कारण सांगून टाकलं होतं. पण तोवर महिना उलटला होता आणि हेतूविषयीचा संशय पक्का झाला होता.

मग 29 मार्चला एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईंचा निकाल आला. वॉशिंग्टन राज्याचा किमान वेतनाचा दर 48 तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर. त्यांना मिळाले होते कमी. फरक 216.19 डॉलरचा. न्यायालयाने 5 विरुद्ध 4 ने किमान वेतन वैध ठरवलं. न्यूयॉर्कच्या खटल्यात किमान वेतनाविरुद्ध गेलेले न्यायमूर्ती रॉबर्ट्स विधेयकाच्या धाकाने फिरले, असं सर्रास सांगितलं जातं. ते तारखांत बसत नाही. त्यांनी मत डिसेंबर 1936 मध्येच दिलं होतं, विधेयक जाहीर होण्याआधी.

18 मे रोजी रूझवेल्ट यांच्या कायद्यांना विरोध करणारे न्यायमूर्ती व्हॅन डिव्हँटर यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी समितीने 10 विरुद्ध 8 मतांनी विधेयकाविरुद्ध कौल दिला. विधेयकासाठी जोडतोड करणारे सिनेटमधले बहुमताचे नेते जोसेफ रॉबिन्सन 14 जुलैला वारले. त्यांच्या शब्दाखातर थांबलेले सिनेटर मोकळे झाले. 22 जुलैला 70 विरुद्ध 20 मतांनी विधेयक समितीकडे परत गेलं, आणि तिथून बाहेर आलं ते सर्वोच्च न्यायालयाचा भाग वगळूनच.