रेनबो थिएटर, लंडन, व्हाया शहापूर

बूटलेग हा शब्द बेळगावच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गोवा इतका जवळ की बाटल्या कुठं कुठं लपवून आणता येतात याचं जनरल नॉलेज आमच्याकडं शाळकरी पोरालाही असतंय, स्टेपनीत, तांदळाच्या पोत्यात, काजूच्या खोक्यात. अमेरिकेतही हेच, बुटाच्या लांब नळीत बाटली खोचून न्यायचे म्हणून बूटलेग, आणि पुढं तोच शब्द चोरून रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना चिकटला. १९९१ साली मी पणजीहून येताना अनमोडच्या नाक्यावर बस थांबवून बॅगा तपासल्या, माझ्या बॅगेत टॉवेल, पाव किलो काजू आणि सहा कॅसेटी. "एनिदु?" तपासणारा म्हणाला, म्हणजे हे काय. "हाडु री," म्हटलं, म्हणजे गाणी. त्यानं तोंड वाकडं केलं आणि मागच्या सीटकडं गेला. त्या बसमध्ये खरा बूटलेगचा माल माझ्याकडंच होता, पण त्याला वास नव्हता ना.

त्या कॅसेटी माझ्या नव्हत्या. दोस्ताचा मोठा भाऊ पणजीला नोकरीला होता, तो बुधवारी हणजूणच्या बाजारात जाऊन तिथल्या गोऱ्या लोकांकडून टेप घ्यायचा. त्यानं शनिवार-रविवारसाठी दिल्या, सोमवारी पहाटेच्या बसनं परत पाहिजेत म्हणून बजावून. त्यातल्या एकीवर निळ्या बॉलपेननं, तिरक्या अक्षरात, बँडच्या नावाची दोन अक्षरं आणि 'रेनबो २/७२' एवढंच लिहिलेलं.

ज्यांना पिंक फ्लॉइड म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या टीशर्टवरचा त्रिकोण एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम बाजारात आला मार्च १९७३ ला. पण बँडनं ते सगळं काम त्याच्या वर्षभर आधी, स्टुडिओत पाऊल टाकायच्याही आधी, स्टेजवर वाजवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात चार रात्री शो झाले आणि त्याचं कुणीतरी चोरून केलेलं रेकॉर्डिंग अल्बमच्या आधीच रेकॉर्डच्या रूपात विकलं गेलं. म्हणजे मूळ माल यायच्या आधी नकली माल दुकानात! आणि ऐकायला तर वेगळाच. अल्बममध्ये जिथं सिंथेसायझरची ती पळापळ आहे तिथं इथं नुसता गिटार आणि की-बोर्डचा जॅम. जिथं ती बाई शब्दांशिवाय जीव तोडून गाते तिथं बाईच नाही, एक ऑर्गन चाललाय आणि त्याच्यावर टेपवरनं बायबलचं वाचन, पाद्र्यांची प्रवचनं असलं काहीतरी. लग्नाच्या आधी नवरीला घरच्या गाऊनमध्ये बघितल्यासारखं वाटतं, केस बांधलेले, हाताला पीठ.

तर ही टेप मला पाहिजे होती.

तेव्हा मी शहापुरात आत्तीकडं राहून इंजिनिअरिंग करत होतो. घरात एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच, मामांचा, म्हणजे आत्तीच्या मालकांचा. दुसरा दोस्ताकडनं आणला. डबल डेक असलेला माणूस आमच्या गल्लीत नव्हता, आणि खडेबाजारात रेकॉर्डिंगवाल्याकडं टाकली असती तर दोन दिवसांत मिळायची खात्री नाही, शिवाय तो असल्या टेपा हळूच स्वतःसाठी मारून ठेवायचा. मग देशी उपाय. दोन टू-इन-वन समोरासमोर, मध्ये एक वीत अंतर, एक वाजवणार आणि दुसरा त्याच्या पोटातल्या माइकनं ऐकून भरून घेणार. खोलीत प्लग एकच, म्हणून वाजवणारा लाईटवर आणि भरणारा सेलवर. खिडकी बंद, दार बंद, आत्तीला सांगून ठेवलेलं की दीड तास इकडं कुणी यायचं नाही, बोलायचं नाही.

"का, परीक्षा हाय?" आत्तीनं विचारलं. मी होय म्हटलं.

सेलवर भरायचा एक तोटा असतो जो मला पुढं कळला. सेल उतरत जातात तसा भरणाऱ्या मशीनचा वेग हळूहळू कमी होतो, आणि मग तीच टेप नीट वेगानं वाजवली की गाणं चढं ऐकू येतं. माझ्या कॉपीत दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत फ्लॉइडचा गिटारवाला-गाणारा गिल्मोर चांगला अर्धा सूर वर गेलाय. मामा पेटी काढून बसले, दोन-चार पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, "ह्यो माणूस चढालाय रे. तंबोरा न्हाई काय ह्यांच्यात?"

मामांना बोलायचा हक्क होता कारण त्यांचं स्वतःचं कपाट त्याच रोगानं भरलेलं. कुमारजींच्या खाजगी मैफलींच्या टेपा. कुमार गंधर्व म्हणजे आमच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा, पुढं मुंबईत देवधर मास्तरांकडं शिकले आणि आजारपणानंतर देवासला राहिले वगैरे सगळ्यांना माहीत असतं, पण मामा ते असं सांगायचे जसं काही कुमारजी चार दिवसांसाठीच देवासला गेलेत, येतीलच आता. बाजारातल्या रेकॉर्डला ते नाकानं हुंगायचेही नाहीत. "तासाभराचा राग तुकड्यात बसवतात, ते काय ऐकायचं." त्यांना पाहिजे कुणाच्या तरी वाड्यातली, स्पूलवरनं कॅसेटवर आणि कॅसेटवरनं कॅसेटवर आलेली, चौथ्या-पाचव्या हाताची टेप, जिच्यात निम्मा आवाज नुसत्या सरसर हिसचा. एकीत मध्येच कुणीतरी "पंखा बंद करा" म्हणतं आणि मामा दर वेळी तिथं हात वर करून आम्हाला गप्प करायचे, का तर ते वाक्य चुकायला नको. टेप कुणाला द्यायची नाही असा शब्द देऊन ते टेप आणायचे आणि आठवड्यात तीन जणांना द्यायचे, त्या तिघांकडनंही तोच शब्द घेऊन.

सगळीकडं हेच चालतं. १९६९ ला बॉब डिलनची कोऱ्या पांढऱ्या कव्हरातली रेकॉर्ड निघाली तेव्हापासून रॉकवाल्यांचं हे सुरू झालं असं धरतात. ग्रेटफुल डेड ह्या अमेरिकन बँडसारखे उदार लोकही निघाले, त्यांनी १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना तिकीट काढून वेगळी जागाच दिली, साउंडवाल्याच्या मागं, बसा आणि भरा. फ्लॉइडवाले तसले नव्हते. १९७४ च्या हिवाळ्यात ते तीन नवीन गाणी वाजवत फिरत होते, एका शोची चोरटी रेकॉर्ड निघाली ती सोबत गाण्यांचे शब्द छापून, इतकी व्यवस्थित की लोकांना तो बँडचाच नवा अल्बम वाटला आणि धडाधड खपला. त्यातली दोन गाणी नावं बदलून १९७७ च्या 'अॅनिमल्स'मध्ये आली, म्हणजे बारशाच्या आधीच पोराचा फोटो गावभर.

आणि लॉस एंजेलिसचा तो माइक मिलार्ड. व्हीलचेअरवर बसून शोला जायचा, पायाला काही झालेलं नसताना, कारण व्हीलचेअरखाली जड नाकामिची रेकॉर्डर लपवता यायचा आणि गेटवर कुणी तपासायचं नाही. २६ एप्रिल १९७५ चा फ्लॉइडचा शो त्यानं असा भरला की पन्नास वर्षांनी, २०२५ ला, बँडनं स्वतःच्या अल्बमच्या सुवर्णमहोत्सवी सेटमध्ये तीच टेप साफ करून घातली. चोराकडनंच वस्तू परत घ्यावी लागली. मामा असते तर ह्या गोष्टीवर त्यांनी दोन चहा जादा घेतला असता.

माझ्या कलेक्शनमधली मला सगळ्यात आवडणारी टेप मात्र ऐकायला भयंकर आहे. ६ जुलै १९७७, मॉन्ट्रियल, ऑलिम्पिक स्टेडियम. लोक फटाके उडवालेत, बोंबलालेत, आणि फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स हळू गाणं म्हणता म्हणता थांबतो आणि शिव्या घालून सांगतो की गप्प बसा, मी गाणं म्हणायलोय. त्याच रात्री तो पुढं चढून आलेल्या एका पोरावर थुंकला, गिल्मोर इतका वैतागला की शेवटच्या गाण्याला स्टेजवर आलाच नाही, आणि स्वतःच्या थुंकण्याची लाज वाटून वॉटर्सच्या डोक्यात लोक आणि आपण यांच्यामध्ये भिंत बांधायची कल्पना आली, ती पुढं 'द वॉल' झाली. थुंकल्याचा आवाज टेपवर नाही. मी हेडफोन लावून शोधलाय, खोटं कशाला सांगू.

असो, शहापूर. रविवारी संध्याकाळी पहिली बाजू सुरू केली. मी खोलीच्या बाहेर, दाराला टेकून, वर्गातल्या मॉनिटरसारखा. मग मला वाटलं आपण इथं बसून काय करणार, कोपऱ्यावरनं सेल घेऊन येऊ दुसऱ्या बाजूला. गेलो. आलो तर अंगणात घागरी वाजालेल्या. खोलीत दोन्ही मशीन आपापली गुमान चाललेली. मला वाटलं झालं काम.

रात्री ऐकली. सुरुवात, जॅम, घड्याळ्यांचा भाग, मग तो ऑर्गन आणि प्रवचन सुरू होतं, आणि प्रवचनवाला एकदम दारू प्यायल्यासारखा खाली खाली जातो, 'घूंऽऽऽ', आणि बंद. लाईट गेलेली. वाजवणारा मशीन मेला. पण भरणारा सेलवर होता! तो इमानदारीत भरतच राहिला, खोलीतली शांतता, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, मग धाडकन दार, आणि आत्तीचा खणखणीत आवाज:

"लाईट गेली बग! आनि पानी आलंय, ऊठ की, घागर लाव की रे! कुटं गेला ह्यो, परीक्षा म्हनं!"

मग पावलं, लांबवर नळ, पितळेच्या घागरीत पाणी पडतानाचा तो चढत जाणारा आवाज, दीडएक मिनिट. मग लाईट येते, बटण दाबलेलंच होतं, 'यूंऽऽप' करत पाद्री पुन्हा सुरात येतो आणि ऑर्गन जिथं राहिलं तिथनं पुढं.

परत भरायला वेळ नव्हता, मूळ टेप पहाटे गेली. मी शिव्या घातल्या आणि तीच ठेवून घेतली. आमच्या भागात दुसरी नव्हतीच त्यामुळं मागणी तीच. निपाणीच्या दोस्तानं नेली, त्याच्याकडनं कोल्हापूरला, एक कॉपी चिक्कोडीला, एक हुबळीला. कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च, बाकी पैसे घ्यायचे नाहीत हा आमच्यातला नियम, पैसे घेतले की धंदा झाला.

पुढं सीडी आल्या, मग इंटरनेट आलं, रेनबोची स्वच्छ, एकही फाटाफूट नसलेली फाइल मिळाली आणि मी ती कॅसेट कुठंतरी ठेवून दिली, ती घर बदलताना गेली. खरं सांगतो, तेव्हा काही वाईट वाटलं नाही. फक्त स्वच्छ फाइल ऐकताना शेवटी गिल्मोर मला पडेल वाटतो, ढिला, पट्टी उतरवून म्हणतोय असं. तो बरोबर आहे हे माहीत असून.

२००७ ला धारवाडच्या एका गृहस्थांशी ओळख झाली, फ्लॉइडचेच, माझ्यापेक्षा जास्त बिघडलेले. अदलाबदल करायची म्हणून दोघांना सोयीचं कित्तूर ठरलं, बसस्टँडजवळच्या हॉटेलात. ते पेढे घेऊन आले, मी कुंदा. मराठी येत होतं त्यांना, धारवाडी हेलाचं, बोलायचे मोजकं. सीडीचा गठ्ठा पुढं सरकवताना एक वेगळी काढून दोन्ही हातांनी दिली, प्रसादासारखी.

"हे रेनबो आहे बघा. पण हे वेगळं सोर्स. हे कोणाकडं नाही. ह्याच्यात एक जागा आहे, ऑर्गनच्या मध्ये, टेप स्लो होते आणि एक बाई बोलतात. इंडियन बाई. मग पाणी. मग परत म्युझिक."

मी पेढा तोंडात तसाच धरला.

त्यांची थिअरी पक्की होती. अल्बममध्ये माणसांच्या बोलण्याचे तुकडे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहून अबे रोड स्टुडिओत सापडेल त्याला विचारले, अगदी दारवानालासुद्धा, आणि ती उत्तरं गाण्यांत घातली. तर हा त्याचा आधीचा प्रयोग असणार. लंडनमध्ये आपल्याकडच्या बायका कमी आहेत काय? पाण्याचा आवाज म्हणजे काळ वाहतो, असलं काहीतरी. हुबळीचे एक मित्र म्हणतात बाई कोकणी बोलतात, यांना वाटतं तुळू असावं, क्वालिटी खराब आहे. "तुम्हाला काय वाटतं, भाषा कोणती?"

सीमाभागात आयुष्य काढलेल्या माणसाला 'भाषा कोणती' असा प्रश्न कुणी विचारला की तो आधी आजूबाजूला बघतो. मीही बघितलं. मग म्हटलं, घरी जाऊन नीट ऐकतो आणि सांगतो. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला तिथल्या तिथं कसं सांगायचं, कुंदा अजून उघडलाही नव्हता.

घरी येऊन लॅपटॉपवर लावली. किती हातांतनं फिरून आली होती देव जाणे, हिस इतका की पावसात पत्र्याखाली बसल्यासारखं, बँड तर लांब कुठंतरी खानापूरला वाजवतोय असं वाटावं. पण घूंऽऽ आलं, टिकटिक आली, आणि आत्ती. अर्धा सूर चढलेली, पोरसवदा आवाजात.

दुसऱ्या दिवशी शहापुरात गेलो. आत्ती पडवीत शेंगा सोलत बसलेली. हेडफोन तिच्या कानावर ठेवला तर पदर सरसावून ताठ बसली, फोटो काढतात तशी. ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं.

"मीच बोलालोय की हे," म्हणाली.

म्हटलं होय, आणि ही लंडनची टेप आहे, धारवाडचे लोक म्हणतात की—

"त्या दिशी पानी लगेच गेलं," आत्ती म्हणाली, "अर्दीच घागर भरली बग. तू हुतास कुटं?"