तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं खरंच बिघडली का?

"मॅडम, मोबाईलनं पोरं बिघडून राहिली ना? लग्नाआधीच सारं होऊन राहिलं. तुमचा अभ्यास काय म्हणते?" नागपुरातल्या शाळांमध्ये पालकसभा संपली की एखादी आई पायरीशी थांबून, आवाज खाली आणून मला हे विचारतेच.

मी त्यांना 2006 ते 2008 मधला अभ्यास सांगते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या 50 हजारांवर तरुण-तरुणींना विचारलं होतं. लग्नाआधी शरीरसंबंध आल्याचं 15 टक्के मुलांनी आणि 4 टक्के मुलींनी सांगितलं. तेव्हा पोरांच्या हाती स्मार्टफोन नव्हते. शिवाय शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघालं. शहरातल्या फुटाळा तलावावरच्या जोडप्यांकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

मला त्या आकड्यांहून ते मिळवायची रीत मोलाची वाटते. तोंडी प्रश्न झाले की हाती एक कार्ड द्यायचे. हो की नाही, एवढी खूण करायची आणि पाकीट चिकटवून परत करायचं. तोंडानं नाही म्हणालेल्या काहींनी पाकिटात हो लिहिलं.

लग्नाचं वय मात्र नक्की सरकलंय. देशभरात 20 ते 24 वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या 2005-06 मध्ये 47 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 23. वयात येणं काही पुढे गेलं नाही, त्यामुळे मधली वर्षं वाढली. मुली शिकताहेत म्हणून वाढली, आणि मला त्याचा आनंदच आहे.

मीही वर्गात बुटांचं खोकं फिरवते, बिननावाच्या चिठ्ठ्यांसाठी. मुलांच्या चिठ्ठ्यांत बढाई फार. मुलींच्या वाचताना हात थांबतो. एकीनं लिहिलं होतं, "नाही म्हटलं तर फोटो सगळ्यांना दाखवीन म्हणते तो. आईले सांगू का?"

2012 च्या पॉक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्यानं, अठराच्या आत शरीरसंबंधाला संमती धरलीच जात नाही, आणि कळलं की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. या धाकानं मुली दवाखान्यात जातच नाहीत. म्हणून प्रत्येक आईला मी हेही सांगते: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलंय.

मग त्या विचारतात, "माझी पोरगी मले सांगन का?" मी विचारते, मागं तिनं काही सांगितलं, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?