गाडी चालवायला आलेले काका

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या दवाखान्यात पायांची गर्दी होते. पावसाळाभर माणसं शेतात नाहीतर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाय सतत ओले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, चिखल्या होतात आणि तीच बुरशी पुढे सावकाश नखाखाली शिरते. अशाच गर्दीत सत्तरी तालुक्यातून एक काकी आल्या. सोबत काका. ते बाहेर चपला काढून आत आले आणि गाडीची चावी हातात घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसले. "मी नुसता यांना घेऊन आलो हो. माझं काय नाय."

काकींच्या पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं जाड, पिवळट, टोकाकडून उचललेली. पिशवीतून त्यांनी टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. कुणीतरी नुसत्या नजरेने फंगस ठरवून लिहून दिलेलं. रोज २५० मिलिग्रॅम, १२ आठवडे, एकही दिवस न चुकवता घेतलेलं. "आता जरा जोराचं द्या डॉक्टर. चवथीला घर भरतं, पाय लपवत फिरावं लागतं."

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. म्हणजे तीन महिन्यांत पूर्ण नख सुधारणं शक्यच नाही, पण औषध लागू पडलं असेल तर मुळाशी चार-पाच मिलिमीटरची स्वच्छ पट्टी दिसायला हवी. इथे मुळापासून सगळं तसंच.

मी म्हटलं, "काकी, हात बघू." त्यांना नवल वाटलं, दुखणं पायाला आणि ही हात मागते. पण पायाच्या नखात सोरायसिस, म्हणजे खपल्या धरणारा त्वचेचा रोग, आणि बुरशी इतकी सारखी दिसतात की नजरेवर विसंबू नये. खूण बऱ्याचदा हाताच्या नखांवर मिळते. काकींच्या बोटांच्या नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते. एका नखाखाली नारिंगी-तपकिरी डाग, ज्याला आम्ही 'तेलाचा थेंब' म्हणतो. कानामागे खपल्या होत्या, ज्यांना त्या कोंडा समजत होत्या. आणि तर्जनीचा नखालगतचा सांधा सुजलेला. सकाळी बोटं आखडतात का, विचारलं. "चहाचं पातेलं उचलवत नाही. ऊन वर आलं की सुटतात. वय झालं आता."

वय नव्हे. नखांचा सोरायसिस असणाऱ्यांत सांध्यांना धोका जास्त, त्यातही नखाजवळच्या सांध्याला. खरं सांगायचं तर नखापेक्षा त्या सांध्याने मला जास्त घाबरवलं. शिवाय टर्बिनाफिननंतर सोरायसिस भडकल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे ते औषध निरुपयोगी होतंच, वर अंगावरही येऊ शकलं असतं.

तरी तपासणी हवीच, कारण दोन्ही रोग एकाच नखात नांदू शकतात. सुटलेला भाग कापला आणि निरोगी नखाला लागून असलेला भुसा खरवडून घेतला. टोकाच्या भुशात बुरशी बहुधा मेलेली असते. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून नख मऊ व्हायला ठेवलं.

याला वेळ लागतो. तेवढ्यात माझं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं. पाय ऐसपैस पसरलेले. तळव्याच्या रेषारेषांत पिठासारखी पांढरी पूड, टाचेच्या कडेपर्यंत कोरडी चामडी, पाच नखं पिवळी नि ठिसूळ. "काका, हे कधीपासून?" "ते होय? कुळागरातल्या माणसाचे पाय असेच असतात."

काकींच्या काचपट्टीवर काही मिळालं नाही. ही तपासणी कधीकधी बुरशी असूनही चुकते, म्हणून नखाचा तुकडा पॅथॉलॉजीत पीएएस रंगासाठी, म्हणजे बुरशी रंगवून शोधायला, पाठवला आणि उरलेला भुसा कल्चरला, म्हणजे बुरशी उगवते का ते बघायला. काकांच्या काचपट्टीवर मात्र फांद्या फुटलेले लांबच लांब तंतू. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बराच वेळ बघून म्हणाले, "हे माझ्या पायात? आणि औषध खाल्लं हिने!"

काकी हसायच्या थांबेनात.

काकांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून ते नको. टर्बिनाफिनच, पण आधी यकृताची तपासणी. संध्याकाळच्या फेणीबद्दल विचारल्यावर उत्तर काकींनी दिलं, काकांनी नाही. नखावर नुसता अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचा लेप चालेल का, असंही विचारून झालं. एकदोन नखांचं टोकच बिघडलं असतं तर चालला असता. इथे रोग मुळापर्यंत गेला होता. तळव्यांना वेगळं मलम दिलं, कारण पाय तसाच ठेवून नख बरं करण्यात अर्थ नाही. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान आणायला रानात जाल तर बूट घाला आणि आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसा, असंही बजावलं. गोळ्या तीन महिन्यांत संपतील, नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागेल, हे त्यांना काही केल्या पटेना.

पॅथॉलॉजीत काकींच्या नखात बुरशी मिळाली नाही. चार आठवडे ठेवलेल्या कल्चरमध्येही काही उगवलं नाही. तोवर सांधेतज्ज्ञांनी त्यांचे उपचार सुरू केले होते. रिपोर्ट घ्यायला त्या एकट्याच बसने आल्या. "नेलकटर वेगळा घेतला त्यांनी, तुम्ही सांगितलं तसा," म्हणाल्या, "पण न्हाणीत जाताना चपला अजून माझ्याच घालतात. ते जरा तुम्हीच सांगा."

मी लगेच फोन लावला.