आवाजावरून कळतं, गोल कुणाचा झाला

इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावातल्या माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. २०२१ चा ऑक्टोबर, शनिवारची दुपार, मी वॉर्डात ड्यूटीवर. रुग्णालयाला लागूनच फुटबॉलचं मैदान आहे हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. औषधांची ट्रॉली घेऊन कोपऱ्यातल्या खाटेपाशी पोचले आणि बाहेरून हजारो माणसांचा आवाज एकदम कानावर आला. मी दचकले. खाटेवरचे म्हातारे गृहस्थ डोळे मिटूनच म्हणाले, "आपला नाही. त्यांचा गोल झालाय." न बघता कसं कळलं, असं मी विचारलं. म्हणाले, "आपला झाला की आवाज वर चढतो. हा खाली बसला."

त्या हंगामात आवाज बहुतेक वेळा खालीच बसायचा.

पुढच्या सुट्टीला मी तिकीट काढलं आणि आत जाऊन बसले. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, एवढाच विचार होता. नवरा आणि मुलगी अजून यायचे होते, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि रोज कानावर पडणाऱ्या त्या आवाजाचं मला कुतूहल होतं.

क्लबचं नाव ओल्डहॅम ॲथलेटिक. गावातली माणसं त्याला लॅटिक्स म्हणतात. १८९५ साली पाइन व्हिला या नावानं सुरू झाला, १८९९ मध्ये आत्ताचं नाव मिळालं. रंग निळा, बोधचिन्हावर घुबड. मैदानाचं नाव बाउंड्री पार्क. ते समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत उंचावरच्या फुटबॉल मैदानांत त्याची गणती होते आणि ही उंची अंगाला कळते. पेनाइन्सच्या डोंगरांवरून येणारा वारा स्टँडच्या कोपऱ्यातून आत शिरतो आणि गुडघ्यांपासून वर चढत जातो. पहिल्या दिवशी मी हातमोजे विसरले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी एक शब्द न बोलता खिशातून जादा जोड काढून माझ्या मांडीवर ठेवला. लोकरीचे निळे हातमोजे, अंगठ्याजवळ रफू केलेले. परत द्यायला गेले तर म्हणाले, "पुढच्या सामन्याला आण." म्हणजे मी पुढच्या सामन्याला येणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

इथून मँचेस्टर दहा-बारा किलोमीटरवर. ट्राममध्ये बसलं की तासाच्या आत जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी दोघांच्या गावात पोचता येतं. माझ्याबरोबरचे कितीतरी जण तेच करतात. मी ओल्डहॅमची झाले, आणि ते नक्की कधी झाले हे आजही सांगता येत नाही. त्या हातमोज्यांच्या दिवशीच झाले असेन.

इथल्या पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्पर्धेत खेळतो. इथं तसं नाही. इथं लीगच्या पायऱ्या आहेत. सगळ्यांत वर प्रीमियर लीग, त्याखाली आणखी तीन व्यावसायिक विभाग. प्रत्येक हंगामाच्या शेवटी तळाचे संघ खालच्या पायरीवर जातात आणि खालचे वर येतात. चौथ्या पायरीच्याही खाली घसरलात की पाचवी, नॅशनल लीग. तिला इथली माणसं सरळ 'नॉन-लीग' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी लीग म्हणजे वरच्या चारच पायऱ्या. उत्पन्न आटतं, खेळाडू सोडून जातात, टीव्हीवर नाव दिसेनासं होतं. आणि तिथून वर यायला तेव्हा चोवीस संघांत फक्त दोन जागा होत्या. एक विजेत्याला, दुसरी प्ले-ऑफ, म्हणजे त्याच्यामागच्या संघांतले बाद पद्धतीचे सामने, जिंकणाऱ्याला. या जागा तीन करा म्हणून खालचे क्लब मागणी करत होते.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या बावीस संघांत ओल्डहॅम होता. आणि २३ एप्रिल २०२२ रोजी, बाउंड्री पार्कवरच, सॅलफर्ड सिटीकडून २–१ असा हरून तो नॉन-लीगमध्ये गेला. प्रीमियर लीग खेळलेला एखादा क्लब एवढा खाली जाण्याची ती पहिलीच वेळ.

मी त्या दिवशी तिथं होते. दुसरा गोल बसल्यावर लोक कुंपण ओलांडून मैदानात उतरले. रागानं उतरले होते, पण जवळून बघताना मला राग कमी आणि हतबलता जास्त दिसली. एक जाडजूड माणूस, वय पन्नाशीचं, मधल्या वर्तुळात गवतावर नुसता बसून राहिला होता. त्याचा मुलगा त्याला उठवत होता आणि तो उठत नव्हता. सामना थांबला. रद्द झाल्याचं सांगून सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग रिकाम्या स्टँडसमोर उरलेली मिनिटं खेळवून संपवली. तोवर आम्ही रस्त्यावर होतो. आपला क्लब लीगमधून गेला त्या सामन्याची शेवटची मिनिटं बघायला आपलं कुणीच आत नव्हतं, हे मला अजून सलतं.

हातमोज्यांचे आजोबा माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत चालत आले. त्यांना मी विचारलं, तुम्ही यापेक्षा वाईट काही पाहिलंय का? बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोलले ते १९९३ बद्दल. मोसमाचा शेवटचा दिवस, साउदॅम्प्टनशी सामना, ओल्डहॅमनं तो ४–३ असा जिंकला आणि निव्वळ गोलफरकावर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या हिशेबावर, प्रीमियर लीगमध्ये टिकला. पुढच्या वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची उपांत्य फेरी. समोर मँचेस्टर युनायटेड. जादा वेळेत ओल्डहॅम १–० नं पुढं, शेवटचं मिनिट सुरू, आणि मार्क ह्यूजनं हवेतल्या हवेत मारलेला फटका जाळ्यात. फेरसामना ओल्डहॅम ४–१ नं हरला. त्याच हंगामात प्रीमियर लीगमधून बाहेरही गेला, आणि तिथं पुन्हा कधी पोचला नाही. "मी त्या दिवशी वेम्बलीत होतो," आजोबा म्हणाले. "ते जास्त दुखलं. आजचं दिसतच होतं." हे सांगताना त्यांचा चेहरा मी बघत होते. त्या पराभवाबद्दल ते ज्या अभिमानानं बोलत होते, तसं लोक विजयांबद्दलसुद्धा बोलत नाहीत.

तिथूनच माझ्या मनातला गोंधळ सुरू झाला. त्यांचा अभिमान मला समजतो. गावात गिरण्या होत्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगात सर्वांत जास्त सूत इथं कातलं जायचं. १९१५ साली ह्याच क्लबचं इंग्लंडचं विजेतेपद फक्त एका गुणानं हुकलं, एव्हर्टननं ते नेलं. हे सगळं त्यांच्या आजोबा-पणजोबांचं आहे. माझं काय? मी आले तेव्हा गिरण्यांची धुराडी पडून गेलेली, क्लब तळाला. मी एक गोलही १९९३ चा पाहिलेला नाही. तरीही कुणी वॉर्डात हसत "तुमचा क्लब गेला की गाळात" म्हणालं की माझ्या अंगाची लाही व्हायची. ज्यात आपण काहीच कमावलं नाही, त्याचा अभिमान बाळगायचा हक्क आपल्याला आहे का? मला प्रामाणिकपणे प्रश्न पडायचा. आजोबांना एकदा बोलून दाखवला तर त्यांना तो प्रश्नच कळला नाही. "तू येतेस ना?" एवढंच म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात क्लब फ्रँक रॉथवेल आणि त्यांच्या कुटुंबानं विकत घेतला. गावातलेच उद्योजक. २०२१ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी एकट्यानं होडी वल्हवत अटलांटिक पार केला होता. छप्पन्न दिवस, तेही अल्झायमरच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून. डिमेन्शियाच्या रुग्णांबरोबर काम केलेल्या माझ्यासारखीला या माणसाबद्दल वेगळं काही सांगायला नको. स्टँडमधला सूर बदलला. लोक पुन्हा एकमेकांशी बोलू लागले.

पण संघ लगेच वर आला नाही. पहिले दोन हंगाम तक्त्याच्या मध्यावर गेले. ज्या डॉर्किंग वाँडरर्सची स्थापनाच १९९९ ची, त्यांच्याशी बरोबरीच्या नात्यानं खेळायचं. परगावचे काही सामने मी पाहिले. काही ठिकाणी एका बाजूला स्टँड, दुसऱ्या बाजूला नुसतं कुंपण आणि पलीकडे कुणाच्या तरी घराच्या खिडक्या. तिथं आमचीच माणसं जास्त असायची. पाऊस, पराभव, चार तासांचा परतीचा बसप्रवास, आणि तरी बसमध्ये गाणी. त्या परतीच्या प्रवासांत मला जे मिळालं, ते मोठ्या स्टेडियमच्या मऊ खुर्चीत मिळालं नसतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

सर्वांत अवघड भाग मात्र घरातला होता. मुलगी इथं आली तेव्हा पाच वर्षांची. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचा क्लब मँचेस्टर सिटी नाहीतर युनायटेड. सोमवारी शाळेत चर्चा त्यांच्याच सामन्यांची. ती माझ्याबरोबर बाउंड्री पार्कला यायची, घुबडाच्या पोशाखातल्या 'चॅडी'शी हात मिळवायची, खूश असायची. सात वर्षांची झाल्यावर एका संध्याकाळी निळा शर्ट कपाटात खाली सरकवताना मी तिला पाहिलं. शाळेत खेळाच्या दिवशी आपापल्या क्लबचा शर्ट घालायचा होता. तिनं साधा पांढरा टीशर्ट बाहेर काढून ठेवला होता. मी विचारलं. ती म्हणाली, "आई, मला लाज वाटत नाही. पण मला रोज समजावून सांगायला लागतं."

मला रात्रभर झोप आली नाही. परक्या देशात आधीच हिला आपलं नाव कसं उच्चारायचं ते समजावून सांगावं लागतं, डब्यात काय आहे ते समजावून सांगावं लागतं. त्यात मी आणखी एक ओझं दिलं होतं, आणि तेही माझ्या हौसेनं. सकाळी मी तिला म्हटलं, तुला हवा तो क्लब निवड, मी रागावणार नाही. मी खरंच रागावले नसते. ती पांढरा टीशर्ट घालून गेली. तिनं दुसरा कुठलाही क्लब निवडला नाही, पण बरेच महिने मैदानावरही आली नाही. मी एकटी जात राहिले. तिची खुर्ची रिकामी असायची आणि आजोबा तिच्यावर स्वतःची टोपी ठेवायचे, कुणी बसू नये म्हणून.

२०२५ च्या वसंतात संघ प्ले-ऑफमध्ये पोचला. हॅलिफॅक्सला ४–० नं हरवलं, मग यॉर्कला त्यांच्या मैदानावर ३–० नं. १ जून, वेम्बली, अंतिम सामना साउथएंडशी. मुलगी आपणहून म्हणाली, "मी येणार." आजोबांचे गुडघे आता एवढा प्रवास झेलत नाहीत. ते घरी रेडिओपाशी.

वेम्बलीच्या पायऱ्या चढताना निळ्या शर्टांचा लोंढा पाहिला आणि मला आनंदाऐवजी आधी रागच आला. पन्नास हजारांवर प्रेक्षक होते त्या दिवशी. त्यातल्या आमच्या बाजूच्या कितीतरी जणांच्या शर्टांवर दुकानातली घडी तशीच होती. कुठं होता तुम्ही पावसात? त्या रिकाम्या कुंपणापाशी? मनात हे आलं, आणि पाठोपाठ आठवलं की चार वर्षांपूर्वी हातमोजे न घेता आलेल्या मला कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

पाचव्याच मिनिटाला साउथएंडचा गोल. आवाज खाली बसला. उत्तरार्धात पेनल्टीवर आमची बरोबरी. जादा वेळ सुरू होताच पुन्हा एक गोल अंगावर, २–१. मुलीनं माझी बाही घट्ट पकडली होती. मग आमचा दुसरा, आणि त्यानंतर तिसरा. तिसऱ्याचा आवाज वर चढत गेला आणि मला चेंडू जाळ्यात जाताना दिसलाच नाही, कारण समोरचे सगळे उभे होते. मी मुलीला उचललं होतं. नऊ वर्षांची झाली, आता पेलवत नाही, तरी उचललं. ३–२. ओल्डहॅम पुन्हा लीगमध्ये.

ती रडत होती. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "मी मधे आले नव्हते ना, मग हे माझं पण आहे का?" मला माझाच प्रश्न तिच्या तोंडून ऐकू आला. मी तिला फोन दिला आणि म्हटलं, आजोबांना विचार.

तिनं फोन लावला, पण विचारलं काहीच नाही. पलीकडून आजोबाच आधी बोलले. मला वाटलं, गोल कसे झाले ते विचारतील. त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा मागं पडलो तेव्हा आपली माणसं उठून गेली का गं?"

"आमच्या रांगेतलं कुणी नाही गेलं," ती म्हणाली.

"तूही बसून होतीस?"

"मी उभी होते."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ऑगस्टमध्ये येताना माझे हातमोजे आण. तुझ्या आईकडे चार वर्षं पडलेत.